रंगाचा डबा ढवळण्यासाठी ड्रिल यंत्राचा उपयोग

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी औत-अवजारांची डागडुजी करून त्यांच्या लोखंडी भागांना रंग देण्याची पद्धत आता बहुतेक गावांत रूढ झाली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे पत्रे, पेरणीयंत्राचा सांगाडा, विहिरीवरील जाळी, गोठ्याचे दार या वस्तूंचे आयुष्य पुष्कळ अंशी त्या रंगावर अवलंबून असते. तथापि अनेक वेळा असे आढळते की, चांगल्या प्रतीचा रंग विकत आणूनही पोळ्याच्या सुमारास ट्रॉलीच्या कडांवर गंजाचे ठिपके दिसू लागतात. शेतकरी दुकानदाराला दोष देतो, दुकानदार कारखान्याला देतो. अशा वेळी घरात उरलेला डबा उघडून त्याच्या तळाशी काडी घालून पाहावी. तेथे दोन बोटे जाडीचा घट्ट थर सापडला, तर गंजाचे कारण शोधण्यासाठी आणखी कोठे जावयास नको. लोखंडाचे रक्षण करावयाचे जे द्रव्य, ते ट्रॉलीवर न जाता डब्यातच राहिलेले असते. पैसे मात्र पुऱ्या डब्याचे मोजलेले असतात.

रंग म्हणजे एकजीव द्रव पदार्थ नव्हे. जवसाच्या तेलात किंवा राळेच्या द्रावणात रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड मिसळून तो तयार करतात, आणि सहज लावता यावा म्हणून त्यात टर्पेंटाइनसारखे उडून जाणारे द्रव्य घालतात. लोखंडावर पहिला हात देण्यासाठी जो तांबडा रेड ऑक्साइड प्रायमर वापरतात, त्यातील लोहाचे ऑक्साइड पाण्याच्या सुमारे पाचपट जड असते. उलट जवसाचे तेल पाण्याहूनही हलके असते. साहजिकच दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या डब्यात पूड हळूहळू खाली बसते आणि तेल वर राहते. पुडीचा कण जितका मोठा तितका तो लवकर बसतो. कणाचा व्यास दहापट झाला, तर त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट होतो. यामुळेच, रंग जुना होऊन त्यातील कण एकमेकांस चिकटू लागले म्हणजे तळाचा थर झपाट्याने वाढतो व शेवटी त्याची गुळासारखी ढेप बनते.

असा डबा उघडून वरवर काडी फिरविली व कुंचला बुडविला, तर सुरुवातीस लागते ते बहुतांशी तेल. रंगद्रव्यावाचून असलेला तेलाचा पापुद्रा उन्हाने लवकर कमजोर होतो आणि ओलावा आत जाऊ देतो. डबा संपत आला म्हणजे उलट प्रकार घडतो. तळाचा दाट लगदा टर्पेंटाइनने पातळ करून लावला जातो. त्यात पुडीला धरून ठेवण्यापुरते तेल नसते, म्हणून तो वाळल्यावर हाताला भुकटी लागते व पुढे त्यास भेगा पडतात. अशा रीतीने एकाच डब्यातील रंग अर्ध्या ट्रॉलीवर एका कारणाने आणि उरलेल्या अर्ध्या ट्रॉलीवर दुसऱ्या कारणाने वाया जातो.

आधी हात, मग यंत्र

आता अनेक शेतकऱ्यांच्या घरी आणि प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात हाताने धरण्याचे विजेचे ड्रिल असते. त्याच्या चकमध्ये ढवळणी बसवून एक लिटरचा डबा साधारणतः दोन-तीन मिनिटांत एकजीव करता येतो. हाताने त्याच कामास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि इतका वेळ ढवळण्याचा धीर फार थोड्यांना असतो. मात्र तळाशी ढेप झालेली असताना तीत एकदम फिरती ढवळणी घालणे चुकीचे आहे. ढवळणी ढेपेच्या वरच फिरत राहते, वरचे तेल उसळून अंगावर येते आणि ढेप जागची हालत नाही. यास्तव पूर्वतयारी हातानेच करावी लागते.

रंग द्यावयाच्या आदल्या दिवशी डबा झाकण घट्ट बसवून उलटा ठेवावा. एवढ्याने तळाचा थर बराच सैल होतो. दुसऱ्या दिवशी डबा सरळ करून, झाकणाच्या खाचेतील धूळ पुसून मग तो उघडावा. वर साय धरली असल्यास ती कडेने सोडवून अखंड काढून टाकावी. ती ढवळून आत घातली तर तिचे तुकडे पुन्हा विरघळत नाहीत व कुंचल्याखाली गाठी येतात. नंतर वरचे पातळ तेल स्वच्छ रिकाम्या डब्यात काढून घ्यावे. तळाच्या ढेपेत रुंद, चपटी लाकडी पट्टी घालून ती कडेपासून मध्याकडे दाबत फोडावी. काढून ठेवलेले तेल थोडे थोडे परत ओतून प्रत्येक वेळी घोटावे. पिठल्यात गाठी राहू नयेत म्हणून घरात जी रीत पाळतात, तीच ही रीत होय. पट्टीला कठीण खडे लागेनासे झाले, म्हणजे यंत्राचे काम सुरू होते.

ढेप दगडासारखी कठीण झाली असेल व पट्टीने मुळीच फुटत नसेल, तर तो रंग लोखंडाच्या रक्षणास उपयोगी नाही असे समजावे. यंत्राच्या जोरावर तिचे तुकडे होतील, पण पूड होणार नाही.

ढवळणी कशी असावी

बाजारात ड्रिलला बसणाऱ्या तयार ढवळण्या मिळतात. गावातील वेल्डरकडूनही ती करून घेता येते. ८ मिलिमीटर जाडीची, अगदी सरळ, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची लोखंडी सळई घ्यावी व तिच्या खालच्या टोकास समोरासमोर दोन पाती वेल्ड करावीत. पाती पंख्याच्या पात्यांप्रमाणे तिरपी असावीत आणि त्यांच्या कडा कानस मारून गोल कराव्यात. दोन्ही पात्यांसह होणारा व्यास डब्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाइतका पुरे. तारेचा तुकडा वाकवून किंवा मोठा खिळा ठोकून चपटा करून काम भागविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे करू नये. वाकडी तार वेगाने फिरू लागली म्हणजे फेकली जाते, आणि चक सुटून ती उडाली तर डोळ्याला अपाय होतो.

पात्यांचा तिरपेपणा बरोबर साधला आहे किंवा नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. बादलीत पाणी घेऊन त्यात मूठभर वाळू टाकावी व ढवळणी तळापासून दोन बोटे वर धरून सावकाश फिरवावी. वाळू तळावरून उचलली जाऊन वर येऊ लागली, तर ढवळणी ठीक आहे. पाणी नुसते गोल फिरून वाळू मध्यभागी गोळा होऊ लागली, तर पात्यांचा कोन बदलावा. वाळूचे जे होते तेच रंगाच्या पुडीचे होते. ही परीक्षा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत करून दाखविल्यास लोकांच्या चटकन ध्यानात येते.

एक लिटर व चार लिटरच्या डब्यांना १० मिलिमीटरच्या चकचे लहान ड्रिल पुरते. वीस लिटरच्या पिंपास बाजूची मूठ असलेले जोरदार यंत्रच पाहिजे, कारण दाट रंगात पाते अडकले तर यंत्र मनगटास हिसका देते. हातोडीसारखे ठोके देणारी रचना यंत्रात असल्यास तिची कळ बंद ठेवावी. वेग मिनिटास ५०० फेऱ्यांहून अधिक नसावा. त्याहून कमी असल्यास उत्तमच. बहुतेक ड्रिलांचा पूर्ण वेग याच्या कितीतरी पट असतो, म्हणून घोडा अर्धवटच दाबावा लागतो. ज्या यंत्राचा वेग कमी-जास्त करता येत नाही, ते या कामास घेऊ नये. पत्रा कापण्याचे हातग्राइंडर तर कधीही घेऊ नये. त्याच्या फेऱ्या मिनिटास दहा हजारांच्या वर असतात.

वेल्डिंगच्या किंवा फिटरच्या दुकानात टेबलावरील उभे ड्रिल असल्यास त्याचा उपयोग करणे अधिक सोयीचे. त्यात डबा शिकंजात पक्का बसतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पट्टा बदलून वेग ठरविता येतो. मोटारीच्या फेऱ्या १४४० असून तिच्यावरील पुली ५० मिलिमीटरची व वरच्या दांड्यावरील पुली १५० मिलिमीटरची असेल, तर ढवळणीस मिनिटाला ४८० फेऱ्या मिळतात. यासाठी पट्टा मोटारीच्या सर्वांत लहान पुलीवर चढवावा.

ढवळण्याची रीत

डबा जमिनीवर मोकळा ठेवला तर ढवळणीबरोबर तोही फिरू लागतो. म्हणून तो ओल्या वाळूने भरलेल्या घमेल्यात अर्धा रुतवून ठेवावा. डबा काठोकाठ भरलेला असल्यास चौथा हिस्सा रंग दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा आणि शेवटी परत मिसळावा. ढवळणी बंद स्थितीत रंगात बुडवावी, मगच यंत्र सुरू करावे. आणि यंत्र पूर्ण थांबल्यावरच ती वर काढावी. हा क्रम चुकला की भिंत, कपडे व चेहरा रंगून निघतात. पाते तळाजवळ धरावे, परंतु तळास घासू देऊ नये. घासल्यास डब्याच्या पत्र्याचा कीस रंगात उतरतो व पुढे त्या प्रत्येक कणाभोवती गंज धरतो. ढवळणी सावकाश वर-खाली आणि कडेकडेने न्यावी.

घरातील ताक घुसळण्याची सवय येथे मात्र उपयोगाची नाही. रवी जोराने फिरविली की ताकाला फेस येतो, कारण तीत हवा कोंडली जाते. रंगाच्या मध्यभागी भोवरा पडून खोल खळगा दिसू लागला, की तेच घडत आहे असे समजून वेग कमी करावा. हवेचे बुडबुडे रंगात राहिले तर वाळलेल्या थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात आणि पाणी तेथूनच शिरते. भिंतीला द्यावयाच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला तर फार लवकर फेस येतो.

कमी वेगाने यंत्र चालविले म्हणजे त्याच्या आतील पंखाही मंद फिरतो व मोटार तापते. दोन-तीन मिनिटे ढवळल्यावर यंत्रास विश्रांती द्यावी. तेवढ्या वेळात पट्टीने तळ व कोपरे खरवडून पाहावेत. पट्टी वर काढल्यावर रंगाची धार एकसारख्या छटेची पडली आणि तळाला चिकट लगदा लागला नाही, तर ढवळणे पुरे झाले. शेवटी सर्व रंग एका डब्यातून दुसऱ्या डब्यात दोन-तीन वेळा ओतावा व जुना असल्यास बारीक जाळीच्या कापडातून गाळून घ्यावा. काम चालू असतानाही रंग पुन्हा खाली बसत असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीने ढवळण्याचा विसर पडू देऊ नये.

आगीचा धोका

या कामातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. हाताने धरण्याच्या बहुतेक विजेच्या ड्रिलांत कोळशाचे ब्रश असतात. मोटार फिरताना त्यांच्याजवळ निळसर ठिणग्या उडतात; अंधारात यंत्राच्या झरोक्यांतून त्या स्पष्ट दिसतात. दुसरीकडे रंगाच्या डब्यातून टर्पेंटाइनची वाफ सतत निघत असते. रंगात घातल्या जाणाऱ्या टर्पेंटाइनची वाफ साधारणतः ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या सुमारास ठिणगीने पेट घेण्याइतकी दाट होते. विदर्भात व मराठवाड्यात वैशाखातील दुपारी पारा ४० अंशांवर जातो, म्हणजे ज्या दिवसांत अवजारे रंगविली जातात नेमक्या त्याच दिवसांत हा धोका सर्वाधिक असतो. थिनरची गोष्ट याहून कठीण. त्यात टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी द्रव्ये असतात. त्यांची वाफ थंडीच्या दिवसांतही पेट घेते.

ही वाफ हवेहून जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि काही अंतरावरील चुलीपर्यंत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. तेथे पेटलेली ज्वाला आल्या वाटेने डब्याकडे परत येते. सबब ड्रिलने रंग ढवळण्याचे काम बंद खोलीत, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ करू नये. ते सकाळच्या थंड वेळी, उघड्यावर, वारा पाठीमागून येत असताना करावे. जवळ चूल, विडी, वेल्डिंग, चालू इंजिन यांपैकी काहीही नसावे. ढवळणीची सळई लांब ठेवण्यास जे वर सांगितले, ते मोटार डब्याच्या तोंडापासून दूर राहावी म्हणूनच. आणि मुख्य गोष्ट अशी की, रंग पातळ करावयाचे टर्पेंटाइन किंवा थिनर यंत्राने ढवळण्यापूर्वी कधीही घालू नये. यंत्र दूर नेऊन ठेवल्यावर ते हाताने मिसळावे. ज्या रंगात मुळातच थिनर आहे, उदाहरणार्थ मोटारगाड्यांना फवाऱ्याने देण्याचे झटपट वाळणारे रंग, तो हातानेच ढवळावा. ज्या दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आहे, तेथे हवेच्या दाबाने चालणारे ड्रिल वापरता येते. त्यात विजेची ठिणगी नसते, म्हणून या कामास ते अधिक योग्य. बॅटरीवरील ड्रिल मात्र केवळ दोरी नाही म्हणून निर्धोक समजू नये.

विजेचा धक्का हा दुसरा धोका. यंत्राच्या दोरीला तीन पिनांची जोडणी असेल, तर अर्थिंग खरोखर चालू आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये. घोडा दाबून ठेवण्यासाठी जी खटकी असते, ती या कामात लावू नये. गावात वीज मधेच जाते. खटकी लावलेले यंत्र तसेच डब्यात सोडून माणूस चहाला जातो, आणि वीज आली की ते आपोआप फिरू लागते. धोतराचा सोगा, खांद्यावरील पंचा, साडीचा पदर, सैल हातमोजे हे सर्व फिरत्या सळईपासून दूर ठेवावे.

बंद डबा हलविणे

रंगाच्या मोठ्या दुकानांत डबा न उघडता हलविण्याचे यंत्र असते. नवीन डबा घेताना तेथेच तो हलवून मागावा, ही सर्वांत स्वस्त युक्ती. दुकानदार त्यास सहसा नकार देत नाही. असे डबे आठ-पंधरा दिवसांत वापरावेत, नाहीतर केलेले काम फुकट जाते.

ते यंत्र पाहून काही कल्पक कारागीर पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीला पट्ट्याने डबा बांधून तो हलवितात. ही कल्पना चतुर असली तरी अनुकरणीय नाही. करवतीचे पाते मिनिटास दोन-तीन हजार वेळा मागे-पुढे होते. एवढ्या हिसक्यांनी झाकण उडून रंग सर्वत्र फेकला जातो आणि करवतीचे दातेचक्र बिघडते. दुसरे काही जण डबा ड्रिलला किंवा लेथला जोडून त्याच्या आसाभोवती वेगाने फिरवितात. त्याचा परिणाम तर अपेक्षेच्या अगदी उलट होतो. दुधातून साई वेगळी काढण्याचे यंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व येथे लागू पडते. जड भाग बाहेरच्या बाजूस जातो व हलका मध्ये राहतो. पूड डब्याच्या भिंतीवर थापली जाते. दुकानातील यंत्र अनेकदा डब्यास एकाच वेळी दोन आसांभोवती फिरविते, आणि त्यामुळेच त्यातील रंग मिसळतो. घरी बंद डबाच मिसळावयाचा असेल, तर तो आडवा करून अंगणात पोत्यावर हळूहळू लोळवावा. मुले हे काम आनंदाने करतात. मात्र झाकण आधी मोठ्या माणसाने तपासून घट्ट बसवावे.

ॲल्युमिनियमच्या चंदेरी रंगाला ड्रिल लावू नये. त्यातील धातूचे पातळ पत्रे जोराने ढवळल्यास दुमडतात व चकाकी जाते. दोन डब्यांतील द्रव्ये एकत्र करून वापरावयाच्या इपॉक्सी रंगात प्रथम मुख्य डबा ढवळून घ्यावा, नंतर त्यात ठरलेल्या मापाने दुसरे द्रव्य घालून कमी वेगाने मिसळावे. ते एकदा मिसळले की घट्ट होऊ लागते. म्हणून कामापुरतेच तयार करावे. संत्र्याच्या बुंध्यास लावण्याचे बोर्डो मलम ढवळण्यास हीच लोखंडी ढवळणी घेण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. मोरचुदातील तांबे लोखंडावर बसून मलम बिघडते, म्हणून त्यासाठी लाकडी दांडाच बरा.

प्रात्यक्षिक

गावात प्रात्यक्षिक दाखवावयाचे झाल्यास खर्च नाही म्हटले तरी चालेल. एकाच लोखंडी पट्टीचे दोन तुकडे तारेच्या ब्रशाने सारखेच घासून घ्यावेत. एकास न ढवळलेल्या डब्याच्या वरचा रंग द्यावा, दुसऱ्यास तोच डबा पूर्ण ढवळल्यानंतरचा. दोन्हींवर तारीख घालून चावडीच्या किंवा सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाचा मारा लागेल अशा जागी, मृगापूर्वी टांगावेत. दिवाळीच्या सुमारास लोकांनी स्वतःच येऊन ते पाहावेत.

काम संपल्यावर

ढवळणी लगेच टर्पेंटाइनने पुसावी. वाळलेला रंग पुढच्या वेळी कपच्या होऊन नव्या डब्यात पडतो, आणि पात्यावर एका बाजूस साचला तर सळईचा तोल जातो. जवसाच्या तेलाच्या रंगाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते, आणि चिंध्यांच्या ढिगात ती कोंडून ठिणगी नसतानाही आग लागते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळू द्याव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

उरलेल्या रंगाबद्दल व रिकाम्या डब्याबद्दल जनावरांच्या दृष्टीने विशेष जपले पाहिजे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण वजनाने दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. परंतु औद्योगिक रंगांना हा नियम लागू नाही, आणि जुन्या ट्रॉलीवर, पंपावर किंवा फाटकावर त्यापूर्वीचा शेंदराचा थर असू शकतो. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. जनावरांना, विशेषतः वासरांना, रंगविलेले पृष्ठभाग व डबे चाटण्याची खोड असते, आणि शिशाच्या विषबाधेने ती आंधळ्यासारखी धडपडतात, दात खातात व दगावतात. जुना रंग घासताना नाकावर फडके बांधावे, खाली गोणपाट अंथरून पडलेली भुकटी गोळा करावी व ती उकिरड्यात टाकू नये, कारण तेथून ती शेतात जाते. रंगाच्या रिकाम्या डब्यातून जनावरांना पाणी किंवा पेंड देऊ नये. उरलेल्या रंगाचा डबा झाकण ठोकून, त्यावर उघडल्याची तारीख लिहून, गोठ्यापासून दूर ठेवावा आणि महिन्यातून एकदा उलटा-सुलटा करावा.